घरामागच्या रिकाम्या जागेचं काय होणार? लाउडन काउंटीचा प्लॅन वाचायचा कसा, बोलायचं कधी

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या अॅशबर्नच्या (अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनियाच्या लाउडन काउंटीत) व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो येतोच. रस्त्याच्या कडेला लावलेली पाटी, पब्लिक हिअरिंग म्हणजे जनसुनावणी अमुक तारखेला, आणि खाली मेसेज, "हे काय आहे? आपण सगळ्यांनी जायला पाहिजे." मग कारपूल ठरतात, तीस-चाळीस जण लीसबर्गला काउंटीच्या ऑफिसात जातात, प्रत्येक जण उभा राहून तेच बोलतो की ट्रॅफिक वाढेल, शाळा भरल्यात, आमच्या घराची किंमत पडेल, आणि रात्री साडेदहाला बोर्ड, म्हणजे काउंटीचं निवडून आलेलं मंडळ, अर्ज मंजूर करून मोकळं होतं. परत येताना गाडीत एकच चर्चा, सगळे विकले गेलेत.

मीही त्या गाडीत बसलोय. आमच्या मागे झाडांची एक रांग होती आणि पलीकडे पडीक शेत, घर घेताना एजंट म्हणाला होता मागे काही होणार नाही. मग पाटी लागली, डेटा सेंटर. मी चांगली तयारी बियारी करून गेलो आणि ट्रॅफिकवर बोललो. डेटा सेंटरच्या विरोधात ट्रॅफिक! जिथे कामाला मोजकी माणसं येतात. वर मला नंतर कळलं की डेटा सेंटर होणार की नाही हा त्या दिवशीचा प्रश्नच नव्हता, तो वापर त्या जागेच्या झोनिंगमध्ये बाय-राइट, म्हणजे वेगळी मंजुरी न मागता हक्काने, बसत होता. बिल्डरला फक्त उंची आणि एफएआर (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम ते प्रमाण) वाढवून हवा होता, त्यावर हिअरिंग होतं. मी तीन मिनिटं भलत्याच गोष्टीवर बोलून खाली बसलो. आणि ती जागा ऑफिस-उद्योगासाठी आहे हे २००१ च्या जुन्या जनरल प्लॅनपासून ठरलेलं होतं, म्हणजे मी अजून पुण्यात कॉलेजला होतो तेव्हापासून.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरण लाउडनचं आहे, पण शेजारच्या फेअरफॅक्स किंवा प्रिन्स विल्यम काउंटीत राहणाऱ्यांनाही नव्वद टक्के लागू होईल कारण कायदा व्हर्जिनियाचाच आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर क्रम साधारण असाच असतो, पण मुदती आणि नावं आपापल्या ठिकाणची बघा.

## आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

हा घोळ सुटला नाही तर पुढचं सगळं वाया.

कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन म्हणजे पुढच्या वीसेक वर्षांत कुठे घरं, कुठे ऑफिसं, कुठे शेती ठेवायची, रस्ते कुठून न्यायचे याचं काउंटीचं धोरण. व्हर्जिनियात प्रत्येक काउंटीला हा करावाच लागतो. पण तो मार्गदर्शक आहे, त्याच्या जोरावर कोणी बांधकाम करू शकत नाही आणि कोणाचं बांधकाम थांबतही नाही.

झोनिंग म्हणजे कायदा. आज, या घडीला, या प्लॉटवर काय चालतं, किती उंच, हद्दीपासून किती लांब.

साइट प्लॅन म्हणजे झोनिंगमध्ये बसणाऱ्या बांधकामाचे इंजिनिअरिंग नकाशे. ते स्टाफ तपासतो, नियमात बसले तर मंजूर करावेच लागतात, तिथे हिअरिंग नसतं आणि तुमच्या-माझ्या मताला जागाही नसते.

आपल्याकडच्या डीपीची, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याची, सवय असलेल्यांनी जास्त सांभाळा. पुण्यात डीपीमध्ये आरक्षण पडलं की ते बांधतं, म्हणून आपण डीपीचा नकाशा म्हणजे अंतिम शब्द समजतो. इथे प्लॅनचा नकाशा आणि झोनिंगचा नकाशा दोन वेगळे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ते एकमेकांशी जुळत नाहीत. सगळ्या अनपेक्षित गोष्टी त्या फटीतून येतात.

## टप्पा १: तुमचं गाव नक्की कोणाच्या हद्दीत

हसू नका, इथेच खूप जण चुकतात. पोस्टाचा पत्ता म्हणजे हद्द नव्हे. पत्त्यात लीसबर्ग लिहिलेली कितीतरी घरं लीसबर्ग टाऊनच्या बाहेर काउंटीत आहेत. साउथ रायडिंगच्या पत्त्यात शँटिली येतं, पण शँटिली फेअरफॅक्समध्ये आणि साउथ रायडिंग लाउडनमध्ये. अॅशबर्न, स्टर्लिंग ही नुसती नावं आहेत, त्यांना स्वतःचं सरकार नाही, तिथलं सगळं काउंटी बघते. उलट लीसबर्ग, पर्सेलव्हिल, मिडलबर्ग, राउंड हिल, हॅमिल्टन, हिल्सबरो, लव्हेट्सव्हिल ही सात टाऊन्स आहेत, त्यांचं त्यांचं कौन्सिल आहे आणि टाऊनच्या हद्दीतलं झोनिंग ते ठरवतात.

मग तुमचा इलेक्शन डिस्ट्रिक्ट शोधा. लाउडनच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्समध्ये नऊ जण, आठ डिस्ट्रिक्टचे आठ आणि चेअर पूर्ण काउंटीतून निवडलेला. अर्ज आधी बघून बोर्डाला शिफारस करणारं प्लॅनिंग कमिशनही नऊ जणांचं, पण ते निवडून येत नाहीत, बोर्ड नेमतं. तुमच्या डिस्ट्रिक्टचा सुपरवायझर आणि तुमच्या डिस्ट्रिक्टचा कमिशनर, ही दोन नावं आणि त्यांचे ईमेल आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा, पाटी लागल्यावर शोधत बसू नका.

तपासा: ज्या जागेची काळजी आहे ती जागा कोणाच्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे? कधीकधी तुमचं घर एका डिस्ट्रिक्टमध्ये आणि मागचा प्लॉट दुसऱ्यात असतो. बोर्डात साधारण ज्याच्या डिस्ट्रिक्टमधली जागा त्याच्याच बोलण्याला वजन असतं.

## टप्पा २: नकाशावर प्लॉट शोधा

काउंटीचा नकाशा वेबलॉजिस नावाने आहे, फुकट, लॉगिन लागत नाही. पत्ता टाका, तुमचा प्लॉट उघडेल, मग मागच्या प्लॉटवर क्लिक करा आणि त्याचा पिन नंबर (प्लॉटचा ओळख क्रमांक), मालक आणि झोनिंग लिहून घ्या. फक्त लागून असलेल्या प्लॉटवर थांबू नका, अर्धा-एक मैल सगळीकडे बघा, पडीक, मोठे, एखाद्या एलएलसीच्या (खाजगी कंपनीच्या) नावावर असलेले प्लॉट पहिले.

आता लेयर चालू करा. प्लॅनचा पॉलिसी एरिया आणि प्लेस टाइप, पूरक्षेत्र, आणि विमानतळाचं ओव्हरले, म्हणजे झोनिंगच्या वर लागू होणाऱ्या जादा नियमांचा पट्टा. हे शेवटचं आपली मंडळी हमखास विसरतात. डलस विमानतळाच्या आसपास आवाजाच्या रेषा आखलेल्या आहेत, ६५ डेसिबलच्या रेषेच्या आतल्या जागेवर काउंटी नवीन घरं येऊ देत नाही. म्हणजे तिथे रिकामी जागा दिसली तर ती घरांसाठी येणार नाही, गोदाम, ऑफिस किंवा डेटा सेंटरसाठीच येणार. "इथे छान टाऊनहोम्स होतील" असं कोणी सांगत असेल तर ही रेषा आधी बघा.

थांबा: घर घेताना मालकाच्या डिस्क्लोजरवर, म्हणजे विकणारा घराबद्दल जो फॉर्म देतो त्यावर, विसंबू नका. व्हर्जिनियात त्या फॉर्मवर सरळ लिहिलेलं असतं की शेजारच्या प्लॉटचं झोनिंग आणि तिथे काय चालतं याबद्दल मालक काहीही सांगत नाही, खरेदीदाराने स्वतः बघावं. आपण ते छापील पान समजून सही करतो. मीही केली.

## टप्पा ३: प्लॅनमधलं नेमकं पान वाचा

सध्या लागू असलेला लाउडनचा प्लॅन २० जून २०१९ ला मंजूर झाला. त्याचे दोन भाग, जनरल प्लॅन आणि रस्त्यांचा वेगळा काउंटीवाइड ट्रान्सपोर्टेशन प्लॅन. पीडीएफ बघून घाबरायला होतं पण सगळं वाचायचं नाहीये. जनरल प्लॅनचं लँड यूजचं प्रकरण उघडा आणि तुमचा पॉलिसी एरिया शोधा.

ढोबळमानाने अर्बन म्हणजे मेट्रो स्टेशनांच्या भोवतालचा पट्टा, जिथे उंच आणि दाट बांधकाम मुद्दाम हवंय. सबर्बन म्हणजे अॅशबर्न-स्टर्लिंगसारखा भरत आलेला पूर्व भाग. ट्रान्झिशन म्हणजे मधला, पूर्वेची गर्दी आणि पश्चिमेची शेतं यांच्यातली उशी. आणि रूरल म्हणजे पश्चिम. शिवाय टाऊन्सच्या आजूबाजूचा पट्टा, जो काउंटी आणि टाऊन मिळून बघतात.

पॉलिसी एरियाच्या आत प्लेस टाइप येतात, सबर्बन नेबरहूड, सबर्बन एम्प्लॉयमेंट, सबर्बन मिक्स्ड यूज असे. प्रत्येक प्लेस टाइपच्या पानावर तीन गोष्टी बघा: वापरांची यादी, एफएआर म्हणजे आपला एफएसआय, आणि उंची. वापरांच्या यादीतही भाग पाडलेले असतात, कोअर म्हणजे मुख्यतः हेच अपेक्षित, कॉम्प्लिमेंटरी म्हणजे सोबतीला चालेल, कंडिशनल म्हणजे काही अटी पाळल्या तर. बोलताना हेच शब्द वापरायचे असतात, स्टाफच्या रिपोर्टमध्ये तेच असतात.

आता प्लॅनमधला प्लेस टाइप आणि टप्पा २ मधलं झोनिंग शेजारी शेजारी लिहा. तिथे जे येऊ पाहतंय ते या दोन्हीत बसतं का, यावरून चारपैकी एक चित्र दिसेल.

१. दोन्हीत बसतं. बाय-राइट. हिअरिंग येणार नाही, पाटी लागणार नाही, एक दिवस सकाळी बुलडोझर दिसेल. इथे लढायला जागा नाही.

२. झोनिंगमध्ये बसत नाही पण प्लॅनमध्ये बसतं. मालक रिझोनिंगचा अर्ज करेल आणि बहुधा ते मंजूर होईल, कारण स्टाफ म्हणेल प्लॅनशी सुसंगत आहे. इथे "नकोच" म्हणून उपयोग नाही, "कसं करायचं" यावर बोला.

३. दोन्हीत बसत नाही. अर्जदाराला आधी प्लॅनच बदलून मागावा लागतो किंवा प्लॅनच्या विरोधात जायला बोर्डाला पटवावं लागतं. इथे तुमचं पारडं सर्वात जड.

४. झोनिंगमध्ये बसतं पण नवा प्लॅन काही वेगळंच म्हणतो. जुन्या काळी दिलेलं झोनिंग. लोक इथे प्लॅनचं पान नाचवत जातात, पण झोनिंग कायदा आहे, प्लॅन नाही.

माझं प्रकरण अर्धं १ आणि अर्धं २ होतं. वापर बाय-राइट, वाढीव उंची मागून घेतलेली. हे कागदावर मांडलं असतं तर माझी ती तीन मिनिटं उंचीवर गेली असती.

## टप्पा ४: प्लॅन बनतो कसा, आणि कुठल्या दारातून आत शिरायचं

खरं बोलायचं ते इथे, आणि नेमकं इथेच आपण कोणी नसतो. हिअरिंगला चाळीस जण, प्लॅनच्या वर्कशॉपला दोन. वर्कशॉपमध्ये कोणाच्या घरामागे काय येणार असं काही दिसत नाही ना, रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला सांगतात, लोकांना वाटतं पोरखेळ आहे. त्या चिठ्ठ्यांचंच पुढे धोरण होतं.

क्रम असा. बोर्ड ठरवतं की प्लॅन नवा करायचा किंवा एखादा भाग बदलायचा, आणि कामाची व्याप्ती मंजूर करतं. मग आकडे: लोकसंख्या किती वाढेल, नोकऱ्या किती, यात वॉशिंग्टन परिसराच्या काउंटी-शहरांची मिळून जी कौन्सिल ऑफ गव्हर्नमेंट्स आहे तिचे अंदाजही धरतात. वाढ किती भरभर होते ते बघा, लाउडनमध्ये १९९० ला ८६,१२९ लोक होते, २०२० च्या जनगणनेत ४,२०,९५९. एवढ्या वेगात एखादा आकडा चुकला की शाळा, रस्ते, पाणी सगळं चुकतं. मग लोकांच्या बैठका, मग नकाशाचे पर्याय, मग मसुदा. मसुद्यावर राज्याच्या रस्ते खात्याचं म्हणणं येतं, कारण लाउडनमधले बहुतेक सार्वजनिक रस्ते काउंटीचे नाहीतच, ते राज्याकडे आहेत. त्यानंतर प्लॅनिंग कमिशनचं हिअरिंग आणि शिफारस, मग बोर्डाचं हिअरिंग आणि मतदान. कमिशनची शिफारस बोर्डावर बंधनकारक नसते.

२०१९ चा प्लॅन २०१६ मध्ये सुरू झाला होता, म्हणजे साधारण तीन वर्षं. त्यानुसार झोनिंग ऑर्डिनन्स (झोनिंगचे लेखी नियम) नवीन करायला डिसेंबर २०२३ उजाडला. मेट्रो आमच्याकडे नोव्हेंबर २०२२ ला आली, पण स्टेशनभोवती काय बांधायचं ते त्याच्या कितीतरी आधी नकाशावर रंगवून झालं होतं.

दुसरी गोष्ट, कायद्याने दर पाच वर्षांनी निदान एकदा प्लॅनिंग कमिशनने प्लॅन तपासून बदलाची गरज आहे का ते बघावं लागतं. शिवाय अधूनमधून तुकड्या-तुकड्याने बदल होत असतात, त्यांना सीपॅम म्हणतात. डेटा सेंटरचं उदाहरण घ्या. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने प्लॅन आणि झोनिंग दोन्ही बदलून डेटा सेंटरचा बाय-राइट हक्क काढून टाकला, आता स्पेशल एक्सेप्शन म्हणजे हिअरिंग लागतं, आधी दाखल झालेल्या काही अर्जांना सूट देऊन. हा बदल एखाद्या प्लॉटच्या हिअरिंगला ओरडून झाला नाही, तो सीपॅम आणि ऑर्डिनन्सच्या बदलातून झाला. आमच्या झाडांच्या रांगेला त्याचा काही उपयोग नव्हता, पण पुढच्यांना आहे.

फेअरफॅक्सवाल्यांसाठी वेगळी सोय आहे, तिथे एखाद्या ठरावीक जागेपुरता प्लॅन बदला असं नामांकन देता येतं, ठरलेल्या काळात. म्हणजे बिल्डर ते देतोच, रहिवाशांनीही त्या यादीवर लक्ष ठेवायला हरकत नाही.

करायचं एवढंच: काउंटीच्या वेबसाइटवर प्लॅनिंग कमिशनच्या अजेंड्याच्या ईमेलला नाव नोंदवा. बोर्डाच्या नव्हे, कमिशनच्या. बातमी तिथे आधी येते.

## टप्पा ५: अर्जाचा नंबर वाचायला शिका

पाटीवर आणि काउंटीच्या पोर्टलवर नंबर असतो, त्यात अर्जाचा प्रकार लिहिलेला असतो आणि प्रकारावरून तुम्ही काय मागू शकता ते ठरतं.

झेडमॅप म्हणजे रिझोनिंग. स्पेक्स म्हणजे स्पेशल एक्सेप्शन, झोनिंग तेच पण हा वापर अटींवर. झेडसीपीए म्हणजे पूर्वी मंजूर झालेला आराखडा किंवा वचनं बदलून मागणं, याकडे नीट बघा, "छोटा बदल आहे" म्हणत मागच्या वेळी कबूल केलेली झाडं यातूनच गायब होतात. सीएमपीटी म्हणजे कमिशन परमिट, सार्वजनिक सोयीची गोष्ट जसं सबस्टेशन, पाण्याची टाकी, फायर स्टेशन प्लॅनच्या नकाशाशी जुळते का एवढंच कमिशन बघतं. एकाच प्रकल्पाचे दोन-तीन नंबर असू शकतात आणि लेजी नावाच्या एका मोठ्या नंबराखाली बांधलेले असतात, सगळे उघडून बघा.

इथे दोन चुका फार होतात. पहिली, प्रॉफर आणि कंडिशन यांची सरमिसळ. रिझोनिंगमध्ये बिल्डर स्वतःहून जी वचनं देतो ती प्रॉफर, बोर्डाने स्वीकारली की जागेला कायमची चिकटतात, मालक बदलला तरी. बोर्ड ती सक्तीने मागू शकत नाही, आणि घरांच्या प्रकल्पात तर २०१६ च्या कायद्यापासून बोर्ड हात राखूनच बोलतं. स्पेशल एक्सेप्शनमध्ये मात्र बोर्ड स्वतः अटी घालतं. म्हणजे झेडमॅपला "अर्जदाराने हे प्रॉफर करावं" म्हणा, स्पेक्सला "ही अट घाला" म्हणा.

दुसरी, भलत्या दारात जाणं. शाळेची बाउंड्री स्कूल बोर्ड ठरवतं. हाय व्होल्टेज लाइनची मंजुरी रिचमंडला स्टेट कॉर्पोरेशन कमिशनकडे असते, काउंटी फार तर पत्र लिहिते. एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे, नियम ही खाजगी गोष्ट, काउंटी त्यात पडत नाही.

## टप्पा ६: हिअरिंगच्या आधीचे महिने

अर्ज आल्यापासून हिअरिंगपर्यंत बरेच महिने जातात, आणि पाटी शेवटी लागते. मधल्या काळात काउंटीची खाती आणि रस्ते खातं आपापले शेरे देतात, त्यांना रेफरल म्हणतात, पोर्टलवर वाचता येतात. मला विचाराल तर अख्ख्या फाइलमधला सगळ्यात कामाचा कागद हाच. आपण म्हणतो झाडं तोडू नका, तिथे काउंटीच्या आर्बोरिस्टने (झाडांच्या तज्ज्ञाने) आधीच लिहून ठेवलेलं असतं की पूर्वेच्या हद्दीवर अमुक फूट झाडं राखा. तुमचं म्हणणं रेफरलमध्ये सापडलं तर त्याचंच पान नंबरसकट वाचून दाखवा, ते वजन तुमच्या दहा भाषणांना येणार नाही.

याच काळात प्रोजेक्ट मॅनेजरला, म्हणजे ज्या प्लॅनरकडे फाइल आहे त्याला, फोन करा. अहो, ते बोलतात. नाव आणि नंबर पोर्टलवर असतो. "तुम्ही विरोधात आहात का" असलं विचारू नका, "स्टाफचे कुठले मुद्दे अजून सुटलेले नाहीत" हे विचारा.

अर्जदाराचा वकीलसुद्धा बहुतेक वेळा एचओएला भेटायला तयार असतो. आमचे काही शेजारी म्हणाले शत्रूशी काय बोलायचं. चूक. बफर (हद्दीलगत सोडलेली मोकळी किंवा झाडांची पट्टी), कुंपण, दिव्यांची दिशा, जनरेटर तपासायची वेळ हे सगळं या भेटीत मिळतं, हिअरिंगच्या रात्री साडेनऊला मिळत नाही.

तपासा: लागून असलेल्या आणि रस्त्यापलीकडच्या मालकांना हिअरिंगच्या निदान पाच दिवस आधी लेखी नोटीस जायला हवी, आणि वर्तमानपत्रात दोनदा जाहिरात. आलेलं पाकीट आणि त्यावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. याला क्षुल्लक समजू नका. प्रिन्स विल्यममध्ये मनॅससच्या रणभूमीशेजारी जवळपास २,१०० एकरांवर जो डिजिटल गेटवे होता, त्याचं रिझोनिंग डिसेंबर २०२३ मध्ये चोवीस तासांहून लांबलेल्या हिअरिंगनंतर मंजूर झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट कोर्टाने ते रद्द ठरवलं ते जाहिरातीच्या नोटिशीत नियम पाळले नाहीत म्हणून. फेअरफॅक्सने तर मार्च २०२१ मध्ये अख्खं नवीन झोनिंग ऑनलाइन बैठकीत मंजूर केलं होतं, २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं आणि काउंटीला पुन्हा हिअरिंग घेऊन मंजूर करावं लागलं. त्या रात्रभरच्या भाषणांनी जे थांबलं नाही ते तारखांनी थांबलं.

## टप्पा ७: दोन-तीन मिनिटांत काय बोलायचं

वेळ तेवढीच मिळते, दिवा लाल झाला की माइक बंद. लिहून न्या आणि घरी घड्याळ लावून वाचा.

आपण असं बोलतो: "आम्ही बारा वर्षं इथे राहतो, टॅक्स भरतो, हा प्रकल्प आमच्या मुलांच्या भवितव्याशी खेळ आहे, आधीच रूट ७ वर ट्रॅफिक आहे, कृपया नाकारा." टाळ्या पडतात. टिपून घेण्यासारखं त्यात काही नाही.

असं बोला: "ही जागा प्लॅनमध्ये सबर्बन नेबरहूडला लागून आहे. आमच्या हद्दीकडे प्रस्तावित उंची इतकी फूट आहे. आर्बोरिस्टच्या रेफरलमध्ये जुनी झाडं राखायला सांगितलंय, अर्जदाराच्या आराखड्यात तिथे पाण्याचा तलाव दाखवलाय. माझी विनंती, तलाव दुसऱ्या बाजूला हलवावा, आमच्या बाजूच्या इमारतीची उंची कमी करावी, आणि जनरेटरची चाचणी फक्त दिवसा, आठवड्याच्या दिवशी करावी अशी अट घालावी." एवढंच. बसा खाली. सुपरवायझर हे उचलून अर्जदाराला विचारू शकतो, आणि विचारतो.

दहा जण जाणार असाल तर मुद्दे वाटून घ्या, एकाने आवाज, एकाने झाडं, एकाने रस्त्याचं वळण. चाळीस जणांनी एकच पत्र कॉपी-पेस्ट करून पाठवलं की स्टाफ ते एका ओळीत गुंडाळतो.

आणि व्हिसाचं. एच-वन-बी वर असाल, ग्रीन कार्ड असेल, काही फरक पडत नाही, पब्लिक हिअरिंगला कोणीही बोलू शकतो, नाव आणि राहतो कुठे एवढं सांगायचं. कितीतरी जण "आपण सिटिझन नाही, कशाला" म्हणून घरी बसतात.

थांबा: पण सुपरवायझरच्या इलेक्शनला देणगी द्यायला निघाला असाल तर ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. फेडरल कायद्याने बंदी आहे, लोकल इलेक्शनलाही, फंडरेझरच्या जेवणाचं तिकीट काढणं हेही त्यातच आलं.

तयारीचं आणखी थोडं: कमिशनचं हिअरिंग सोडू नका. लोक थेट बोर्डाच्या हिअरिंगला येतात, तोवर आराखडा घट्ट झालेला असतो. कमिशनमध्ये नंतर वर्क सेशन होतं, तिथे खरी छाटाछाट चालते, आणि तिथे तुम्हाला बोलायला मिळालं नाही तरी समोर बसलेलं दिसणं कामाला येतं.

## टप्पा ८: मतदान झाल्यावर

नाही म्हणालं बोर्ड तर आनंदाने घरी जा, पण फाइल मिटवू नका, अर्ज सुधारून परत येतो.

हो म्हणालं आणि तुम्हाला कोर्टात जायचंय, तर रिझोनिंग किंवा स्पेशल एक्सेप्शनच्या निर्णयाला सर्किट कोर्टात आव्हान देण्याची मुदत निर्णयापासून ३० दिवस. एचओएची पुढची मीटिंग सहा आठवड्यांनी असते, वकील शोधायची कमिटी मग नेमणार, तोवर सगळं संपलेलं. जायची शक्यता असेल तर वकिलाशी मतदानाच्या आधीच बोलून ठेवा, शिवाय नुसतं शेजारी असणं पुरत नाही, तुमचं नेमकं नुकसान काय ते दाखवावं लागतं.

बहुतेक वेळा कोर्ट वगैरे काही नसतं, फक्त लक्ष ठेवायचं असतं. मंजूर झालेल्या प्रॉफर किंवा अटींची सही झालेली अंतिम प्रत पोर्टलवरून उतरवून घ्या, हिअरिंगच्या पाकिटातली नको, शेवटच्या क्षणी शब्द बदलतात. त्यातली प्रत्येक अट कशामुळे सुरू होते ते बघा, पहिल्या परमिटला, की इमारतीत माणसं राहायला येताना. "रस्ता रुंद करू" हे वचन कितव्या इमारतीनंतर, हा प्रश्न मंजुरीच्या आधीच विचारला तर उत्तम. अट मोडली तर तक्रार झोनिंगच्या खात्याकडे, अटीचा नंबर आणि फोटो जोडून.

शाळा, ग्रंथालय, पार्क यांचे पैसे सहा वर्षांच्या कॅपिटल बजेटमध्ये (मोठ्या बांधकामांच्या खर्चाचं बजेट) असतात, ते बजेट दरवर्षी बदलतं आणि वसंतात त्यावर हिअरिंग होतं. प्लॅनमध्ये पार्क दाखवलंय म्हणून पार्क होत नाही, त्या बजेटमध्ये कितव्या वर्षी आहे ते बघा. तिथे गर्दी अजिबात नसते, बोलायला निवांत वेळ मिळतो.

आमच्या मागे आता तीन इमारती आहेत. झाडांची रांग अर्धी राहिली, ती राहिली ती आमच्यातल्या एका काकूंमुळे, त्या हिअरिंगला बोलल्याच नाहीत, दोन महिने आधी प्लॅनरला फोन करून रेफरलमधल्या एका ओळीचा पाठपुरावा करत होत्या. आणि ग्रुपवर पुढचा फोटो टाकाल तेव्हा एवढं करा, गाडीतून लांबून काढू नका, खाली उतरून पाटीवरचा अर्जाचा नंबर वाचता येईल असा काढा.